नाडी-तपासणी

आमच्या घरात सगळ्यांना बसता यायचं, मला सोडून. अप्पा सकाळी दुकानाच्या गादीवर बसले की दुपारच्या भाकरीलाच उठत. माय तर अंघोळ झाली की कपाळाला विभूती लावून, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन अशी बसायची, की बाहेर मोंढ्यातले हमाल ओरडू देत नाहीतर कापसाच्या गाड्या एकमेकींत अडकू देत, तिची पापणी हलायची नाही. आम्ही लिंगायत. गळ्यातल्या देवाची पूजा ज्याची त्यानं करायची, त्यामुळे मलाही तिच्या शेजारी बसावं लागे. तळहात मी कसाबसा स्थिर ठेवायचे, पण मांडीखाली दुमडलेला पाय चुळबुळत राही. माय डोळे न उघडताच म्हणायची, "नंदे, देव कुटं पळून जायला न्हाई. मग तू कामून पळायलीस?" या वयातही माझं तेच आहे. एवढा परिच्छेद लिहिताना मध्येच उठून अंगणात एक फेरी मारून आले.

घर मानवतला, मोंढ्याच्या, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजाराच्या, पाठीमागे. पुढं किराणा आणि धान्याचं दुकान, मागं आम्ही. कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगची घरघर दिवसभर कानात बसे आणि ती थांबली की काहीतरी बिघडल्यासारखं वाटे. कापसाची तूस सगळीकडे उडायची, उंबऱ्यावर, वाळत घातलेल्या लुगड्यावर, अप्पांच्या मिशीवरसुद्धा. माय भाकरी थापताना परातीवर फडकं टाकून ठेवायची. ज्वारीची गरम भाकरी, अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी आणि कांदा बुक्कीनं फोडलेला. मी ते उभ्या उभ्या खायचे. "बसून खा गं, अन्न पायात उतरंल," असं माय म्हणायची, आणि अप्पा म्हणायचे, "उतरू दे, तिचं सगळं शिक्षण पायातच हाय."

ते काही खोटं नव्हतं. मी शारीरिक शिक्षणाची पदव्युत्तर पदवी करत होते आणि फक्त लघुप्रबंध बाकी होता. मार्गदर्शक सरांनी गावाकडे राहून काम करायची परवानगी दिली होती. गावातल्या कॉलेजात तासिकेवर शिकवायलाही मिळालं. गावाच्या हिशेबी मात्र मी "पीटीची बाई" होते. मुलीनं शिट्टी गळ्यात अडकवून मैदानावर उभं राहायचं म्हणजे काय शिक्षण, हे बायकांना कळत नव्हतं आणि अप्पांनाही पुरतं कळलेलं नव्हतं. पण मी हट्टी आणि ते हौशी, म्हणून चाललं होतं. त्यांनी मुदत घातली होती ती बसव जयंतीची. तोवर प्रबंध पुरा झाला तर पुढची नोकरी शोधायची, नाही झाला तर सोनपेठचं स्थळ. सोनपेठकरांचं कापडाचं मोठं दुकान होतं. मुलगा दिसायला बरा, बोलायला मवाळ. त्याच्या वडिलांनी मला पाहून खुशीनं सांगितलं होतं, "शिकल्याली हाय, गल्ल्यावर बसंल." आयुष्यभर गल्ल्यावर बसायचं! मला ते घर वाईट वाटलं नाही, ते बसणं वाईट वाटलं.

प्रबंधाचा विषय अगदी साधा होता. कॉलेजच्या मुलींनी काही आठवडे रोज पळायचा सराव केला, तर श्रमानंतर त्यांच्या छातीची धडधड लवकर शांत होते का? त्यासाठी सुताराकडून बाभळीचा एक दणकट खोका करून घेतला. मुलींनी त्यावर ठरावीक ताल धरून चढायचं, उतरायचं, मग खाली बसायचं आणि मी मनगट धरून ठोके मोजायचे. आधी एकदा मोजायचं, मग सराव, मग शेवटी पुन्हा मोजायचं. दोन्हींतला फरक म्हणजे माझा प्रबंध. आता हे सांगताना हसू येतं. परवा आमच्या शेजारणीची नात मनगटावरचं घड्याळ दाखवत म्हणाली, आजी, हे झोपेतसुद्धा ठोके मोजतं. मी म्हटलं, बाई गं, यासाठी मला गावभर बदनाम व्हावं लागलं होतं.

पहिली मोजणी झकास झाली. मुली आधी लाजल्या, ओढण्या सावरत खोक्यावर चढल्या, मग त्यांनाच गंमत वाटायला लागली. त्यांच्यात कमल नावाची एक होती. गावापासून आत, आडवळणाच्या खेड्यातून चालत यायची. बापाची थोडी कोरडवाहू जमीन, घरात ही थोरली. पळायचं म्हटलं की चपला काढून भिंतीकडेला नीट जोडून ठेवायची आणि सुटायची. तिचं मनगट धरलं तर मला वाटलं, माझंच काही चुकतंय. इतरांची धडधड उतरायला वेळ लागे, हिची मी घड्याळाकडे नजर वळवेपर्यंत शांत झालेली असे. "काय खातेस गं?" मी विचारलं. "तुमी खाता तेच ताई, भाकर. पर मी बसून खाते," ती म्हणाली आणि सगळ्या मुली माझ्याकडे बघून फिदीफिदी हसल्या. माझी कीर्ती मैदानापर्यंत पोचली होती.

सराव सुरू झाला. सरांनी मध्येही एक मोजणी घ्यायला सांगितली होती, तिची सूचना लावायची होती. मी कागदावर लिहून नेलं, 'पल्स टेस्ट'. आमचे प्राचार्य मराठीचे कडवे अभिमानी. टेबलाला टेबल म्हणाल तर उत्तर देणार नाहीत, मेजच म्हणायचं. त्यांनी माझ्या कागदावर काट मारली, टोपण काढलेलं पेन हवेत धरून क्षणभर विचार केला आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'सर्व विद्यार्थिनींची नाडी-तपासणी होणार आहे. कोणीही अनुपस्थित राहू नये.' वर समाधानानं म्हणाले, "बघा, आपल्या भाषेत शब्द असताना कशाला उसनवारी?" शब्द बरोबर होता. शुद्ध होता. शिपायानं तो फलकावर लावला आणि माझे दिवस फिरले.

पहिल्या दिवशी नुसता टवाळपणा झाला. नाडी म्हणजे परकराची, लेंग्याची नाडी. फलकासमोर पोरं उभी राहून एकमेकांना कोपरानं ढोसत होती आणि मुली तिकडून मान खाली घालून जात होत्या. दुसऱ्या दिवशी दुकानात आलेल्या एका म्हाताऱ्यानं अप्पांना कौतुकानं विचारलं, "मुलीनं पत्रिकेचं बी शिक्षण घेतलं का? कालेजातल्या पोरींची नाड बघायलीय मने. आमच्या नातीची बी बघायला सांगा, एक नाड निघाली की स्थळ मोडतंय." इथवर आम्ही घरात हसत होतो. पण तिसरा अर्थ गल्लीबोळातून आला आणि हसू थांबलं. आमच्याकडे निजामाच्या काळापासून हकिमांवर लोकांचा भरवसा. जुन्या गल्लीत एक हकीम होऊन गेले. पडद्याआडून बाईचं मनगट धरायचे आणि दिवस गेलेत की नाही, एवढंच नाही तर मुलगा की मुलगी तेही सांगायचे, अशी त्यांची ख्याती होती. झालं! कॉलेजात पोरींची नाडी बघायलेत, सगळ्यांची बघायलेत, कोणी चुकवायची नाही असा हुकूम निघालाय, म्हणजे काय समजायचं?

मैदान ओस पडलं. ज्या मुली कॉलेजला येत त्या मला पाहून वाट बदलत. मी सकाळी शिट्टी घेऊन उभी, बाभळीचा खोका शेजारी, आणि समोर दोन शेळ्या. घरी यावं तर बसवेना, मैदानावर जावं तर कुणी नाही. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती येरझारा घालायचे. राग कुणावर काढावा ते कळेना. प्राचार्यांकडे गेले तर ते म्हणाले, "शब्दकोश काढून दाखवा, माझं काय चुकलं?" काहीच चुकलं नव्हतं, तीच तर पंचाईत होती.

कमलचे वडील एक दिवस मैदानावर आले. खांद्यावर पटका, हातात तिची कॉलेजची पिशवी. राम राम केला आणि थोडं अंतर ठेवूनच उभे राहिले.

"बाई, म्या पोरीला पळू दिलं. लोकं बोलले तरी पळू दिलं. पर एक खरं सांगा. शक कुनावर हाय तुमचा?"

"कसला शक? काका, छातीचे ठोके मोजते मी. पळाल्यावर किती वाढतात, किती वेळात उतरतात, तेवढंच."

"ते हाय वो. पर सगळ्याच पोरींची बघायलाव, मंजी कुनीतरी एक असंल ना? तिला झाकाया सगळ्या."

"कुणीच नाही! तसलं काही नाहीच!" माझा आवाज चढला.

त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "तुमी बी लेकरूच हाव. तुमाला कोन सांगंल? पर माजी थोरली हाय. तिच्या माग आनखी तिगी हायेत. एकदा नाव गेलं की चौघींचं जातंय." एवढं बोलून ते वळले. चांगला माणूस होता. आजही मी त्यांना दोष देऊ शकत नाही, आणि माफही करू शकत नाही. हे दोन्ही एकाच वेळी कसं असतं ते मला इतक्या वर्षांत उमगलेलं नाही.

पुढं विद्यापीठात मी संशोधनपद्धती शिकवायला लागले तेव्हा मुलांना एक गोष्ट पहिल्याच तासाला सांगायचे. तुमची प्रश्नावली छापायच्या आधी तिच्यातला एकेक शब्द गावात हिंडवून आणा. पारावर, गिरणीत, बांगड्यांच्या दुकानात. तिथं त्याचा अर्थ काय होतो ते ऐका आणि मग छापा. मुलं लिहून घ्यायची, परीक्षेत उत्तर म्हणून लिहायची. त्यामागं माझी झोप उडालेली आहे हे त्यांना कुठून कळणार!

गोष्ट सोनपेठला पोचायला वेळ लागला नाही. आठवडी बाजाराला माणसं येतात-जातात, त्यांच्याबरोबर गप्पाही जातात. तिकडून निरोप आला, गोड शब्दांत. मुलीनं हे काम आजच्या आज बंद केलं तर आम्हाला काही अडचण नाही, आणि लोकांची तोंडं बंद करायची तर लग्नही लवकर उरकू, बसव जयंतीची वाट कशाला? अप्पा निरोप ऐकून आत आले. रागावले असते तर मी भांडले असते. ते रागावले नाहीत. पाण्याचा तांब्या हातात घेऊन म्हणाले, "नंदे, मला लोकांचं काय न्हाई. पर उद्या हे बी स्थळ गेलं आन तुजा प्रबंद बी न्हाई झाला, तर? तू काय करशील? येरझारा?" मी तेव्हाही येरझाराच घालत होते. ते म्हणाले, "संक्रांत हुंदे. मग हो म्हणून कळवतो."

माय हे सगळं चुलीपुढून ऐकत होती. भोगीचा दिवस होता. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी आणि वालाच्या शेंगा, गाजर, वांगी, हरभरा घातलेली मिसळीची भाजी. मी रडवेली होऊन भाजीत बोट फिरवत होते, त्या दिवशी चक्क बसून. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दुकानातल्या दोन हमालांना बोलावलं आणि सांगितलं, "कालेजातून नंदीचा खोका उचलून आना. वसरीत ठिवा."

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्याकडे बायका हळदीकुंकवाला एकमेकींच्या घरी जातात. मायनं त्या वर्षी सगळ्या गल्ल्यांत बोलावणं धाडलं. ज्यांच्या मुली कॉलेजात होत्या त्यांना तर स्वतः जाऊन. बायका आल्या, बघ्या म्हणूनच जास्त. वसरीत सतरंजी, मध्ये बाभळीचा खोका. मी दाराआड उभी, हातात अप्पांचं घड्याळ. तिळगूळ वाटून झाल्यावर मायनं पदर खोचला. गळ्यातलं लिंग एका हातानं छातीशी धरलं आणि म्हणाली, "ही पोरगी काय बघायलीय ते आता तुमीच डोळ्यानं बघा. नंदे, ये. पैली माजी बघ."

आणि माझी माय, पूजेत पापणी न हलवणारी, भरल्या वसरीत त्या खोक्यावर चढायला लागली. चढ, उतर, चढ, उतर. जोडव्यांचा टकटक आवाज होत होता. तिचा श्वास फुलला, कपाळावरची विभूती घामानं ओली झाली. ती खाली बसली, हात पुढं केला आणि मी तिचं मनगट धरलं. लहानपणापासून तिनं माझा हात कितीदा धरला असेल, मी तिचा असा पहिल्यांदाच धरत होते. बोटांखाली ते ठोके धावत होते आणि मला मोजता येईना, डोळेच भरून आले. पुन्हा सुरुवातीपासून मोजलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून गंगाबाई आजी उठल्या. गल्लीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, तोंडात दात नाही, नवरा जाऊन जमाना झालेला. कुंकवाला त्या येत नसत, पण मायनं त्यांनाही हाताला धरून आणलं होतं. काठी टेकत त्या खोक्यापाशी आल्या, एकच पायरी चढल्या, उतरल्या आणि हात माझ्यापुढं धरला.

"बघ गं माय माजी बी. आन दिवस गेले असतील तर सांग, म्हाताऱ्याला सरगात निरोप धाडावा लागंल. लय बेजार हुईल बिचारा."

वसरी अशी खदखदली की अप्पा गिऱ्हाईक सोडून दारात आले. बायका डोळ्याला पदर लावून हसत होत्या. त्या हसण्यात ती अफवा वाहून गेली म्हणा ना. मग एकेक जण उठली. माजी बघ, माजी किती आली, हिची कमी आन माजी जास्त कामून? एक बाई दुसऱ्यांदा चढायला रांगेत उभी राहिली. ताप आल्यावाचून कुणी त्यांच्या मनगटाला हात लावला नव्हता, आणि आज कुणीतरी त्यांचा आकडा सांगत होतं. संध्याकाळपर्यंत मी मोजत होते.

खोका मैदानावर गेला, मुलीही परत आल्या आणि सोनपेठला हो कळवायचं अप्पांनी तूर्त लांबवलं. प्राचार्यांनी नवा कागद लावला, त्यावर नुसतं 'सराव' एवढंच होतं. मी शिट्टी वाजवली की धूळ उडायची, शेळ्यांनी जागा सोडली. फक्त कमल आली नाही. तिच्या गावच्या एका मुलीनं सांगितलं, मधल्या त्या पंधरवड्यात तिच्या बापानं जिंतूरकडचं स्थळ पक्कं केलं आणि लग्नही लावलं. घाई केली, फार गवगवा नको म्हणून. मी ऐकून घेतलं आणि मैदानाला फेऱ्या मारत सुटले. मुलींना वाटलं, बाईंना आज जोर आलाय. त्याही मागं पळाल्या.

शेवटच्या मोजणीचा दिवस होता. एकेक मुलगी खोक्यावरून उतरत होती आणि आकडे मनासारखे येत होते. तेवढ्यात फाटकातून कमल आली. हिरवं लुगडं, नाकात नवी नथनी, हात कोपरापर्यंत हिरव्या चुड्यानं भरलेले. मागं सासू, फाटकापाशीच थांबलेली, बाजाराची पिशवी घेऊन.

"ताई, माजं दुसऱ्यांदा मोजायचं ऱ्हायलंय," ती म्हणाली. "माहेरी आल्ते. आत्याबाई न्याया आल्यात, त्यायला लय विनवलं."

सासूबाईंनी लांबूनच हाक दिली, "लवकर उरक गं, एसटी जाईल."

तिनं चपला काढल्या, कडेला जोडून ठेवल्या, लुगडं वर खोचलं आणि खोक्यावर चढली. चुड्याचा खळखळाट तालात वाजत होता. ती खाली बसली. मी तिचा हात धरला, पण मनगट सापडेना. बांगड्या वर सरकवल्या तर त्या कोपराशी अडायच्या आणि पुन्हा खाली घरंगळायच्या. वेळ जात होता.

"मानंवर बघा ना ताई," ती धापा टाकत म्हणाली. "तुमीच शिकवलं व्हतं, मानंवर बी लागतेत."

मी मंगळसूत्र बाजूला केलं आणि तिच्या मानेवर बोटं ठेवली. ठोके उतरत नव्हते. मी थांबले, अजून थांबले.

"किती आले?"

मी सांगितलं.

"लग्नाच्या आदी?"

तेही सांगितलं. मला पाहावं लागलं नाही, तिचा आकडा पाठ होता.

तिनं मनातल्या मनात वजाबाकी केली. "मंजी वाडले." ती उठली, चपला पायात घातल्या. "तसंच लिवा, ताई. माज्यासाटी कमी करू नका." आणि फाटकाकडे गेली. ती चालत गेली, पळाली नाही.

तिचा एक आकडा बाकीच्या सगळ्यांच्या उलट जात होता. मार्गदर्शक सर पुढं म्हणाले, हिला गाळ, सराव अर्धवट सोडलाय, निष्कर्ष स्वच्छ येईल. मी गाळलं नाही. सरांनी भांडून पाहिलं, मग सोडून दिलं.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मी घरी आले तेव्हा अप्पा जेवायला बसत होते. मी उभीच होते. मी म्हणाले, "अप्पा, सोनपेठला नाही म्हणून कळवा. प्रबंध होवो न होवो." अप्पांचा घास हातातच राहिला. त्यांनी मायकडे पाहिलं. मायनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली, भाजीचं पातेलं पुढं सरकवलं आणि म्हणाली, "कळवा."